उतारावर अंथरलेला पेंढा वाहून का गेला?

आलेलं पत्र:

नमस्कार काका,
आमची एकरभर जमीन उताराची आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ चाललं तर नव्वद पावलं होतात. दरवर्षी पावसात माती जाते, म्हणून यंदा पेरणी झाल्यावर मी साडेतीनशे किलो पेंढा शेतभर अंथरला. पंधरा दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि निम्म्याहून जास्त पेंढा वाहत जाऊन खालच्या बांधाला अडकला. मधल्या भागात तीन ओघळी पडल्या, त्यातली एक गुडघाभर खोल आहे. अडकलेला ढीग उचलला तर खाली चार बोटं गाळ. वरच्या कोपऱ्यातल्या एका तुकड्यावरचा पेंढा मात्र जागचा हलला नव्हता, आणि तिथली माती अजून हाताला भुसभुशीत लागते. शेताच्या माथ्यावरून गाडीवाट जाते, तिचं पाणी आमच्याकडेच उतरतं. वडील म्हणतात, "एवढा पेंढा गुरांपुढं टाकला असता तर सत्कारणी लागला असता. शिवाय पेंढ्यानं वाळवी होते, उंदीर होतात आणि पीक पिवळं पडतं." काका, हे खरं आहे का? पुढच्या वर्षी पेंढा घालू की नको?

उत्तर:

ताई,

पेंढा घाला. पण आधी फावडं हातात घ्यावं लागेल, कारण तुमच्या शेताचं नुकसान गाडीवाटेच्या पाण्यानं केलं आहे. त्याचा पुरावा तुम्हीच पत्रात लिहून पाठवलात: वरच्या कोपऱ्यातला तुकडा. तोच पाऊस, तीच माती, तोच पेंढा, आणि तिथं काही हललं नाही. त्या कोपऱ्यात वाटेचं पाणी शिरत नसणार. तिथं नुसता आभाळातून पडलेला पाऊस होता आणि तेवढ्याला पेंढा पुरून उरला. मधल्या भागात पाऊसही होता आणि वरून आलेला लोटही होता. लोटापुढं सुट्या काडीचं काही चालत नाही.

पाऊस माती दोन तऱ्हांनी नेतो. हे दोन्ही नीट वेगळे ओळखता आले की कुठं पेंढा लागेल आणि कुठं फावडं, ते तुमचं तुम्हालाच दिसू लागेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली तऱ्हा थेंबाची. जोरदार पावसातला टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो आदळला की ढेकूळ फुटतं आणि कण उडतात, पार दीड मीटरपर्यंत. सपाट रानात जेवढे कण इकडून तिकडं जातात तेवढेच तिकडून इकडं येतात. उतारावर मात्र खालच्या बाजूला उडालेला कण वरच्या बाजूला उडालेल्यापेक्षा लांब जाऊन पडतो. म्हणजे पाणी वाहायला लागायच्या आधीच माती खाली सरकायला लागलेली असते. डब्ल्यू. डी. एलिसन या अमेरिकी अभियंत्यानं १९४४ साली हे उडणं मोजून दाखवलं आणि धुपेची, म्हणजे माती झिजून वाहून जाण्याची, सुरुवात वाहत्या पाण्यापासून नव्हे तर थेंबाच्या मारापासून होते, हे लोकांच्या ध्यानात आणून दिलं.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस उघडला की शेतात उकिडवं बसून जमिनीकडं बघा. एखादा खडा मातीच्या बोटभर खांबावर उभा दिसेल, टोपी घातल्यासारखा. खड्यानं आपल्याखालची माती झाकली म्हणून ती राहिली, भोवतालची गेली. त्या खांबाची उंची म्हणजे गेलेल्या मातीचा थर. एकरभर रानातून नुसता १ मिलिमीटरचा थर गेला तरी ती ५ टनांच्या घरातली माती असते. आणि जाते ती सगळ्यात चांगली: बारीक, हलकी, सेंद्रिय अंश आणि अन्नद्रव्यं धरून ठेवणारी. खडे मागं राहतात. उताराच्या जमिनी वर्षानुवर्षं 'खडकाळ होत जातात' असं लोक म्हणतात. खडे वाढलेले नसतात, त्यांच्यामधली माती गेलेली असते.

थेंबाचं दुसरं नुकसान याहून मोठं आहे. फुटलेल्या ढेकळातले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात आणि वर खपली धरते. वाळल्यावर ही खपली कोंब अडवते, ते तुम्ही पाहिलं असेल. पावसात ती पाणी अडवते. मुरायचं पाणी मुरत नाही, वरच्या वर वाहू लागतं. ५० मिलिमीटरचा एक पाऊस एकरावर दोन लाख लिटर पाणी टाकतो. त्यातलं जेवढं मुरणार नाही तेवढं खाली जाणार, आणि रिकाम्या हातानं जाणार नाही.

पेंढ्याचं काम इथं आहे. थेंबाचा मार काडी खाते, माती खात नाही. ढेकूळ फुटत नाही, खपली धरत नाही, पाणी मुरत राहतं. तुमच्या कोपऱ्यातली माती भुसभुशीत राहिली ती याच कारणानं.

आता तुमच्या साडेतीनशे किलोंचा हिशेब. एकरावर ते चौरस मीटरला ८५ ग्रॅमच्या आसपास बसतात. वडिलांना वाटलं असेल, एवढ्याशा पेंढ्यानं काय होणार. पूर्व स्पेनमधल्या द्राक्षमळ्यांत चौरस मीटरला फक्त ७५ ग्रॅम सातूचा पेंढा टाकून चाचणी झाली होती. तासाला ५५ मिलिमीटर इतका कृत्रिम पाऊस पाडला, आणि उघड्या जमिनीच्या तुलनेत धूप जवळजवळ चौथ्या हिश्शावर आली. म्हणजे तुम्ही टाकला तो पेंढा काही कमी नव्हता. पण त्या चाचणीतले तुकडे चौरस मीटरपेक्षाही लहान होते. एवढ्या तुकड्यावर पाण्याला धावायला जागाच नसते. तिथं फक्त थेंबाची परीक्षा झाली, आणि पेंढा तिच्यात उतरला. तुमच्या नव्वद पावलांच्या शेतात परीक्षा दुसरीच होती.

ती दुसरी तऱ्हा, वाहत्या पाण्याची. माथ्यावर पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा असतो. खाली येता येता त्यात भर पडत जाते, मग ते जमिनीच्या बारीक खोलगटीतून एकत्र होतं, वेग धरतं आणि एका ठिकाणी माती कापू लागतं. ओघळ सुरू होते ती जागा हीच. त्या जागेपर्यंत पेंढा पाण्याला अडखळवतो, त्याच्या खाली पाणी पेंढ्याला उचलतं. आणि काडी तरंगते, हा तिचा स्वभाव आहे. एकदा थोडा पेंढा सरकला की तो पुढच्या पेंढ्याला ढकलत नेतो, दोन ढिगांच्या मधून पाणी आणखी जोरानं घुसतं, आणि मोकळी जमीन कापली जाते. तुमच्या तीन ओघळी अशाच पडल्या असणार.

उताराच्या लांबीचा हा परिणाम विशमायर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो नोंदींवरून मांडला. धुपेचा अंदाज बांधायचं त्यांचं सूत्र १९६५ मध्ये आणि पुन्हा सुधारून १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि आजही जगभर त्याच पायावर गणित केलं जातं. त्यांचा हिशेब सोपा करून सांगायचा तर चांगल्या उताराच्या रानात लांबी चौपट झाली की दर एकरी धूप दुप्पट होते. याची उलटी बाजू तुमच्या कामाची आहे. नव्वद पावलांचा उतार तुम्ही तीस-तीस पावलांवर तोडलात, तर पेंढ्याची काडीही न टाकता दर एकरी धूप निम्म्यापेक्षा थोडी वर इतकीच उरेल. उताराची तीव्रता तुम्हाला बदलता येत नाही. त्यासाठी पायऱ्या बांधाव्या लागतील. लांबी बदलता येते.

म्हणून कामाला लागायचं ते माथ्यापासून.

गाडीवाट आणि तुमचं शेत यांच्यामध्ये एक आडवा चर काढा. पाणी शेतात न शिरता बाजूला गेलं पाहिजे. चर अरुंद आणि खोल नको, रुंद आणि उथळ हवा, कारण अरुंद चर स्वतःच ओघळ होऊन बसतो. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकून तिची ताल, म्हणजे मातीचा बांध, करा आणि तिच्यावर लगेच गवत लावा. चराला उतार अगदी जेमतेम द्यायचा: शंभर पावलांत अर्धं पाऊल, बस. याहून जास्त दिलात तर पाणी चराचा तळ कापील, काहीच नाही दिला तर पाणी तुंबून एखाद्या कच्च्या जागी ताल फुटेल, आणि ती एक फूट वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त नुकसान करील. चराचं पाणी जिथं सोडाल ती जागा गवतानं घट्ट बांधलेली असावी, शक्यतो पूर्वीपासूनचा ओढा. शेजाऱ्याच्या उघड्या रानात ते सोडू नका. तुमची माती वाचवून त्यांची घालवली तर पुढच्या वर्षी भांडण मिटवायचा सल्ला विचारावा लागेल.

मला विचाराल तर उताराच्या शेतीत सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेताबाहेरची वाट. ती चाकांनी दाबून दगडासारखी झालेली असते. तिच्यावर पडलेल्या पावसाचं टिपूसही मुरत नाही. आपण शेतात बी-खताचा विचार करत बसतो आणि वरून वाट आपलं काम करत राहते.

एवढा बारीक उतार डोळ्यांनी साधत नाही, डोळे उतारावर हमखास फसतात. त्यासाठी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट करा. दोन मीटरच्या दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधा, खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लोंबता सोडा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण करा. मग पाय अदलाबदल करून, म्हणजे डाव्याच्या जागी उजवा ठेवून, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत जायचं. दोरी मध्यखुणेवर आली की तिथं खुंटी ठोकायची. अशा खुंट्या जोडल्या की समपातळी रेषा मिळते. चरासाठी तिच्यापेक्षा किंचित उतरती रेषा घ्या. उतार किती आहे हे पाहायचं असेल तर एक मीटरची सरळ पट्टी वरचं टोक जमिनीला टेकवून उताराच्या दिशेनं आडवी धरा, तिच्यावर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पातळी बघा, आणि पट्टीच्या खालच्या टोकापासून जमीन किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजा. जेवढे सेंटिमीटर, तेवढे टक्के उतार.

शेताच्या आत तीस आणि साठ पावलांवर, समपातळी रेषेवर, मीटरभर रुंदीचे गवताचे दोन पट्टे ठेवा. दाट फुटवे येणारं, ताठ उभं राहणारं, बियांनी रानभर न पसरणारं गवत निवडा. कापून ते गुरांना घालता येतं, वडिलांना हे आवडेल. पाणी पट्ट्यातून गाळून खाली उतरतं, गाळ वर थांबतो आणि काही वर्षांत तिथं आपोआप पायरी तयार होऊ लागते. नांगरट, पेरणी, कोळपणी सगळं या पट्ट्यांना धरून आडवंच. उभ्या उताराला एक जरी सरी मारलीत तरी ती पाण्याला आमंत्रण आहे.

ओघळी भरायच्या तर पाणी वळवल्यानंतरच, आधी भरलेली माती पहिल्याच पावसात जाईल. इथं पेंढा पुन्हा कामाला येतो, पण सुटा नाही. मांडीएवढ्या जाडीच्या पेंढ्या सुतळीनं घट्ट आवळा. ओघळीत आडवा वितभर चर खणून त्यात पेंढी बसवा आणि दोन-तीन मेखा मारा. वरच्या अंगानं माती ठोकून घट्ट करा, कारण पेंढीच्या खाली बोटभर फट राहिली तरी पाणी तिथूनच घुसतं. पेंढीचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली हवा. लोक नेमकं इथं चुकतात: मध्य उंच राहिला की पाणी टोकांवरून वळसा घालून काठ कापतं, आणि एका ओघळीच्या दोन होतात. गुडघाभर खोल ओघळीत अशा पेंढ्या दर चार-पाच पावलांवर लागतील.

एवढं झालं की शेतभर अंथरायचा पेंढा. चौरस मीटरला २०० ग्रॅम बारीक काड सारखं पसरलं तर साधारण दोन तृतीयांश जमीन झाकते, ४०० ग्रॅमला जवळजवळ सगळी. एकराच्या हिशेबानं हे अनुक्रमे ८०० आणि १६०० किलो होतात. मृदाशास्त्रज्ञ रतन लाल, ज्यांना २०२० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्यांनी १९७० च्या दशकात नायजेरियातल्या इबादानला १ ते १५ टक्के उतारांच्या तुकड्यांवर मोजमाप केलं होतं. तिथल्या धोधो पावसातही हेक्टरी ४ ते ६ टन पेंढा धूप रोखायला पुरला. ४ टन म्हणजेच चौरस मीटरला ४०० ग्रॅम.

पण एवढा पेंढा आणायचा कुठून, हा वडिलांचा प्रश्न खरा आहे आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. दावणीला गुरं असताना त्यांच्या तोंडचा चारा मातीवर टाका असं मी सांगणार नाही. सुदैवानं सगळी जमीन झाकायची गरज नसते. पेंढ्याचा गुण असा की पहिला हात सगळ्यात मोलाचा. जमिनीचा तिसरा हिस्सा झाकला की उघड्या रानाच्या तुलनेत धूप निम्म्याहून खाली येते. त्यापुढं प्रत्येक हाताला फायदा कमी कमी होत जातो. म्हणून पेंढा थोडा असेल तर एका जागी जाड आणि दुसरीकडं उघडं असं करू नका. पातळ, पण सारखा पसरा. सगळीकडं पुरत नसेल तर ओघळी जिथं सुरू झाल्या त्या जागेच्या दहा पावलं वरपासून खाली पसरत या.

आणि पेंढाच हवा असंही नाही. गुरं जे खात नाहीत ते सगळं मातीला चालतं: मक्याची जाड धाटं, शेंगांची फोलपटं, झाडांचा पाला, बी धरायच्या आधी उपटलेलं तण. जाड धाटं जमीन कमी झाकतात, पण टिकतात जास्त. कापणी करताना धसकटं वितभर उंच ठेवा आणि पेरणीपर्यंत ती उपटू नका. उभ्या धसकटांत अडकलेला पेंढा पाण्यानं सहज सुटत नाही. याला खर्च काही नाही, फक्त विळा थोडा वर धरायचा.

जमीन किती झाकली हे मोजायला एक दोरी घ्या, तिला सारख्या अंतरावर शंभर गाठी मारा आणि ती पिकाच्या ओळींना तिरकी अशी ताणून जमिनीवर टाका. ज्या गाठीच्या बरोबर खाली काडी दिसेल ती मोजायची. शंभरपैकी जेवढ्या गाठी, तेवढे टक्के. वरून नुसतं बघून अंदाज केला तर माणूस नेहमी जास्त सांगतो, मीसुद्धा. तीन-चार ठिकाणी दोरी टाकून सरासरी घ्या.

अंथरायची वेळ पेरणीनंतर लगेच. पिकाची पानं एकमेकांना टेकून जमीन झाकेपर्यंतचे आठवडे सगळ्यात धोक्याचे, आणि वर्षाची बहुतेक माती दोन-चार मोठ्या पावसांतच जाते. त्यातला एखादा पेरणीनंतरच्या पंधरवड्यात आला तर नंतरचा पेंढा म्हणजे वरातीमागून घोडं. पेंढा लांबच ठेवा, कुट्टी करू नका. लांब काड्या एकमेकींत अडकतात, कुट्टी पहिल्या पाण्यात तरंगून जाते. काड्या शक्यतो उताराला आडव्या पडू द्या. वारा असेल तर पसरल्यावर पाणी शिंपडा. जास्त उताराच्या भागात बोथट फावड्यानं पेंढा जागोजागी चार बोटं मातीत खुपसा, म्हणजे काडीचं एक टोक मातीत आणि दुसरं वर राहील. काम कंटाळवाणं आहे, पण ओघळी पडल्या होत्या त्या पट्ट्यात तरी नक्की करा. जाड बियांचे कोंब पातळ पेंढ्यातून वर येतात. बारीक बी असेल तर ओळींवरचा पेंढा बाजूला सारून फक्त दोन ओळींच्या मध्ये घाला.

आता वडिलांच्या तीन शंका. पीक पिवळं पडतं हे त्यांनी पाहिलं असेल, आणि ते खरं आहे, पण पेंढा मातीत गाडल्यावर. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागं ऐंशी भाग कर्ब असतो. तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागतं, काडात ते पुरेसं नाही, म्हणून ते मातीतून उचलतात आणि काही आठवडे पिकाला तुटवडा पडतो. पेंढा वर राहिला तर मातीला चिकटलेला फक्त खालचा थर कुजतो आणि हा त्रास क्वचितच जाणवतो. तेव्हा गाडू नका. उरलेला पेंढा नांगरटीत जाणारच असेल तर ते काम पेरणीच्या बरंच आधी उरका.

वाळवी मेलेल्या काडाकडं येते, हे खरं. जिथं तिचा उपद्रव आधीपासून आहे तिथं थर पातळ ठेवा आणि कोवळ्या रोपांपासून पेंढा थोडा लांब ठेवा. उंदरांचं मी स्वतः भोगलं आहे. एकदा कोवळ्या फळझाडांच्या बुंध्यांना टेकवून मी पेंढ्याचा हातभर उंच थर रचला. काही महिन्यांनी थर बाजूला केला तर दोन झाडांची साल उंदरांनी सगळीकडून गोल कुरतडलेली. ती झाडं वाचली नाहीत, आणि मला आजही त्यांची हळहळ वाटते. धुपेसाठी लागणारा थर इतका पातळ असतो की त्यात उंदीर लपू शकत नाही; संकट येतं ते ढिगांमुळं. दमट, थंड हवेत गोगलगायी येतात, त्यांना संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचावं लागतं. चिकण, पाणी धरणाऱ्या रानात पेंढा फार जाड झाला तर मुळं गुदमरतात.

वडिलांनी न विचारलेली एक गोष्ट मात्र मी विचारायला सांगेन. बाहेरून पेंढा आणणार असाल तर त्या पिकावर कोणतं तणनाशक मारलं होतं? रुंद पानांची तणं मारणारी काही औषधं, जसं अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, पेंढ्यात दीर्घकाळ टिकतात आणि तो कुजू लागला की शेंगवर्गीय पिकांना आणि टोमॅटोला बाधतात. सांगणाऱ्याला खात्री नसेल तर दोन कुंड्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत मातीत त्या पेंढ्याचे तुकडे मिसळून, आणि दोन्हींत घेवडा लावा. पेंढ्याच्या कुंडीतली नवी पानं दोन-तीन आठवड्यांत वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर तो पेंढा शेतात नको. काडात दाणे आणि तणाचं बी किती आहे तेही झटकून बघा. आणि वाळलेला पेंढा घराला, गोठ्याला लागून अंथरू नका, एक ठिणगी पुरते.

खालच्या बांधाशी अडकलेला ढीग तसाच कुजू देऊ नका. पेंढा ओघळीतल्या पेंढ्या बांधायला वापरा. चार बोटं गाळ तुमच्याच शेताची मलई आहे, तो घमेल्यांनी वर न्या आणि ओघळी भरताना वरच्या थरात घाला. पाठ दुखेल, पण एवढी चांगली माती तुम्हाला दुसरीकडं मिळायची नाही.

आणि पुढच्या पेरणीला वडिलांशी वाद घालू नका, त्यांना सोबत घेऊन मोजा. शेजारशेजारी, सारख्या उताराचे दहा पावलं रुंद दोन पट्टे आखा. एकावर पेंढा, एक उघडा. प्रत्येक पट्ट्यासाठी वितीपेक्षा लांब असे पाच खिळे घ्या, प्रत्येक खिळ्यात एक वॉशर घाला आणि खिळा सरळ ठोका, वॉशर मातीला टेकला पाहिजे आणि खिळ्याचं डोकं त्याच्यावर बसलं पाहिजे. नांगरलेली माती पहिल्या पावसात आपोआप खचते, म्हणून एक हलका पाऊस होऊ द्या आणि मगच ठोका. मोठ्या पावसानंतर माती गेली असेल तर वॉशर खाली उतरलेला दिसेल. डोकं आणि वॉशर यांच्यामधलं अंतर मिलिमीटरमध्ये वडिलांनाच मोजू द्या, दर मिलिमीटरला एकरी ५ टन हा हिशेब त्यांना सांगा, आणि दोन्ही पट्ट्यांचे आकडे मला कळवा.